घरच्या शेळीची कास: धुण्यापेक्षा कोरडी ठेवणं महत्त्वाचं

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो,

पावसाळा लागला की घरच्या दुधापुरत्या एक-दोन शेळ्या पाळणाऱ्यांचे प्रश्न वाढतात. मावळातल्या एक ताई विचारतात, "धारेआधी रोज कडुनिंबाच्या उकळलेल्या पाण्याने सगळी कास धुते, रसायन काही वापरत नाही. तरी एका बाजूला गाठ लागतेय आणि दुधात कणी येतेय. घरगुती काय करू?" पुरंदरच्या एका दादांना कोरफड-हळदीच्या लेपाबद्दल जाणून घ्यायचं आहे. शिरूरहून प्रश्न आहे तो गाभण शेळी आटवण्याचा, म्हणजे तिचं दूध बंद करण्याचा.

ताई, दुधात कणी आणि कासेत गाठ म्हणजे दगडी (कासदाह) सुरू झाली आहे. आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. जवळ सोय नसेल तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. तोवर त्या बाजूचं दूध दिवसातून चार-पाच वेळा हलक्या हाताने पूर्ण काढत राहा. चांगल्या सडाची धार आधी, दुखऱ्याची शेवटी, आणि मग हात साबणाने धुवायचे. खराब दूध वेगळ्या भांड्यात काढून लांब खड्ड्यात ओता. ते गोठ्यात जमिनीवर पिळू नका आणि करडांनाही पाजू नका.

एवढं धुऊनही असं का झालं? कडुनिंबाचं पाणी वाईट नाही, धुण्याची पद्धत चुकते आहे. पूर्ण कास भिजवली की केसांतला मळ, लेंड्यांचा अंश, सगळं पाण्याबरोबर ओघळून सडाच्या टोकाशी थेंब बनून थांबतं. त्याच ओल्या सडावर आपण मूठ वळतो आणि तो थेंब छिद्रापाशी घोळत राहतो. कास कोरडी असेल तर वरची थोडी धूळ सडापर्यंत येतच नाही. म्हणून कासेवरचे लांब केस कात्रीने बारीक करा, कोरड्या फडक्याने धूळ झटका आणि फक्त सड पुसा. त्यासाठी फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या. नंतर दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. प्रत्येक शेळीला स्वतःचं फडकं हवं, आणि ती रोज उकळून उन्हात वाळवायला हवीत. पावसात ऊन नसेल तर चुलीजवळ वाळवा, पण ओलं फडकं दुसऱ्या दिवशी वापरू नका.

पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर घ्या. पांढरं दूध काळ्यावर पडलं की बारीक कणी, तंतू, पिवळट पाणी लगेच दिसतं, पांढऱ्या भांड्यात ते कधीच दिसत नाही. मग अंगठा आणि तर्जनीने सडाचं मूळ बंद करायचं आणि वरून खाली एकेक बोट मिटत न्यायचं. अंगठा मुडपून त्यावर सड दाबायची सवय बऱ्याच घरांत आहे, तिने सड आतून दुखावतं. सड ओढायचंही नाही. अडलेली धार मोकळी करायला सडात काडी घालणारे अजूनही भेटतात. कृपा करून हे कधीही करू नका, त्याने आख्खी कास जाऊ शकते.

धार संपल्यावर सडाचं छिद्र लगेच मिटत नाही, साधारण अर्धा तास तरी ते सैल असतं. तेवढा वेळ शेळी ओल्या जमिनीवर बसू नये, म्हणून हिरवा चारा, शेवरी किंवा मेथीघास धार काढून झाल्यावर टाका. खाण्यासाठी ती आपोआप उभी राहते. याच वेळी सडाचं टोक पोविडोन आयोडीन या जंतुनाशकात बुडवून काढा. नैसर्गिक निगेत हे बसतं का, असं विचारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: पावसाळ्यात आणि व्यायल्यानंतरच्या काही आठवड्यांत ते वापराच. पुढच्या धारेआधी मात्र सड पुसून घ्या. करडं लगेच पिणार असतील तर आयोडीन नको, त्यांच्या पिण्याने सड साफ होतंच. त्यांनी दातांनी सडाला जखम केली आहे का, तेवढं रोज पाहा.

मावळ-मुळशीच्या पावसात जमिनीवरचा गोठा कोरडा ठेवणं अवघडच. जमत असेल तर फळ्यांचं मचाण करा. नाहीतर रोज लेंड्या झाडून, चुन्याची भुकटी भुरभुरून वर भाताचा कोरडा पेंढा जाड पसरा.

आता लेप. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गाईंच्या दगडीसाठी 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद आणि 15 ग्रॅम चुना असा लेप सुचवतं. शेळीला याचा पावभाग पुरे. कास पुसून कोरडी करा, लेप पाण्याने पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा लावा आणि धारेआधी पुसून काढा, कारण कोरफडीचा कडूपणा दुधात उतरतो. सड फाटलं असेल किंवा बाभळीचा काटा लागला असेल तर चुना टाळा. भेगांना धारेनंतर खोबरेल तेल बोटभर पुरतं. सूज सौम्य असेल तर लेपाने आराम पडतो, पण तो डॉक्टरच्या उपचाराच्या जोडीला. कास गार पडली, निळी-काळी दिसू लागली, शेळी खाणं सोडून बसली, तर त्याच क्षणी डॉक्टर. इथे एक रात्र थांबलं तरी शेळी हातची जाऊ शकते. नुकती व्यायलेली शेळी असेल आणि दोन्ही बाजू सारख्या फुगल्या असतील, दूध स्वच्छ असेल, तर ती सूज बहुधा चार-आठ दिवसांत उतरते.

चाकणच्या बाजारातून दुधाची शेळी घेताना कासेला हात लावूनच घ्या. दूध काढल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडली पाहिजे. आत कडक गोळा लागला तर भाव कितीही कमी असो, सोडून द्या.

शिरूरच्या दादांसाठी: शेळी साधारण 150 दिवस गाभण राहते, त्यातले शेवटचे 2 महिने कासेला विश्रांती हवी. आधी खुराक बंद करा, आठवडाभर फक्त वाळला चारा द्या, पाणी मात्र तोडू नका. दूध उतरलं की धार थांबवा. त्यानंतर कास तट्ट भरेल, पण दुखत नसेल तर हात लावू नका, चार-पाच दिवसांत दूध आत जिरायला लागतं. एक बाजू गरम लागली तरच पिळून काळ्या कापडावर पाहा.

एखाद्या शेळीला दगडी पुन्हा पुन्हा होत असेल तर औषध बदलत बसण्याआधी दुधाची तपासणी करून घ्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना आपल्या दवाखान्यामार्फत, निर्जंतुक बाटलीत आणि बर्फावर पाठवा. प्रतिजैविक चालू असताना, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस त्यानंतरही, दोन्ही सडांचं दूध घरात वापरू नका. एरवीचं दूधही उकळूनच प्यायला द्या, लहान मुलांना तर नक्कीच.