फॅक्टला ‘तथ्य’ म्हणावं का?

मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. उताऱ्यातली वाक्यं ‘फॅक्ट’ आणि ‘ओपिनियन’ अशी वेगळी करायला सांगितली, की मुलं पटलेली वाक्यं पहिल्या रकान्यात टाकतात आणि न पटलेली दुसऱ्या. स्वतः लिहितानाही तोच घोळ. मग फॅक्टला मराठीत नेमकं काय म्हणावं, तथ्य, सत्य की वस्तुस्थिती? शिवाय, ‘अकॉर्डिंग टू मी’ खरंच चूक आहे का?

बाई, ‘तथ्य’ वर्गात आणलंत तर घोळ वाढेल. फॅक्टसाठी हा शब्द हिंदीत रुळलेला आहे आणि हल्ली आपल्या बातम्यांतही दिसतो. पण घरीदारी आपण म्हणतो ‘अफवेत तथ्य नाही’, ‘तिच्या म्हणण्यात तथ्य आहे’. आपलं तथ्य राहतं ते कुणाच्या तरी म्हणण्याच्या पोटात. ‘त्यांच्या मतात तथ्य आहे’ हे चांगलं चालतं मराठी वाक्य. मग तथ्य एका रकान्यात आणि मत दुसऱ्या रकान्यात, हे मुलांनी कसं करायचं? ‘सत्य’ म्हटलं की समोर असत्य उभं राहतं, आणि बिचारं मत खोट्याच्या बाजूला जाऊन बसतं. ‘वस्तुस्थिती’ त्यातल्या त्यात बरा, पण तो सगळ्या परिस्थितीला मिळून वापरायचा शब्द. ‘पाच वस्तुस्थिती लिहा’ असं फळ्यावर लिहून बघा, कसं वाटतं ते.

मी सरळ ‘पडताळता येणारं विधान’ म्हणेन. लांबलचक आहे, पण त्यात खरं-खोटं येत नाही, हाच त्याचा फायदा. ‘कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आहे’ हे पडताळता येतं आणि बरोबर निघतं: 1646 मीटर. ‘कळसूबाई हे सह्याद्रीतलं सर्वांत उंच शिखर आहे’ हेही कितीतरी जण ठासून सांगतात. सह्याद्री म्हणजे अख्खा पश्चिम घाट धरला, तर केरळातलं अनैमुडी 2695 मीटर भरतं. म्हणजे विधान चुकलं, पण चुकलं म्हणून ते मत झालं नाही. मुलांना हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. मग तिसरं वाक्य द्या: ‘कळसूबाईला लोखंडी शिड्या लावून चढाईची मजा घालवली.’ शिड्या आहेत की नाहीत हे जाऊन बघता येतं. मजा गेली की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एकाच वाक्यात दोन्ही. खऱ्या लिखाणात बहुतेक वाक्यं अशीच मिसळलेली असतात आणि स्वाध्यायातली मात्र सोवळी. अख्खी वाक्यं रकान्यात ढकलण्यापेक्षा वाक्यातल्या तुकड्यांखाली रेघा मारायला लावा.

एक गंमत इथेच सांगतो. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात ‘फॅक्ट’ची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरणं आहेत. त्यातल्या एका उदाहरणानुसार, एखाद्या माणसाचं अमुक एक मत असणं हीसुद्धा फॅक्टच. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी व्याख्या तीच राहिली. तेव्हा ‘मोबाईल वाईट’ हे मत, पण ‘आजोबांना मोबाईल वाईट वाटतो’ हे पडताळता येणारं विधान, कारण आजोबांना विचारता येतं. हुशार मुलं ही पळवाट लगेच पकडतात आणि प्रत्येक मतामागे ‘मेनी पीपल से’ लावून मोकळी होतात. तेव्हा विचारायचं, कोणते पीपल?

मला जास्त मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. ही समज मुलांकडे नसते असं नाही. ती इंग्रजीत उतरताना गळते. साप या विषयावरच्या निबंधात मूल लिहितं, ‘स्नेक ड्रिंक्स मिल्क’. घरी त्यानं ऐकलेलं असतं, ‘नाग दूध पितो म्हणे’. तो ‘म्हणे’ फार कामाचा आहे. ‘मी ऐकलंय, खात्री माझी नाही’ एवढं सगळं तो दोन अक्षरांत सांगतो. इंग्रजीत त्यासाठी बहुतेकदा ‘इट इज सेड दॅट’ असं काहीतरी वाक्याआधीच बांधावं लागतं. मूल ते विसरतं आणि ऐकीव गोष्ट एकदम शास्त्र होऊन बसते. ‘पाऊस आला वाटतं’ मधल्या ‘वाटतं’चंही तेच. तो अंदाज असतो, पण कागदावर उतरतो ‘इट इज रेनिंग’.

‘असावा’ तर दुधारी. ‘वर्गात पंखा असावा’ याचे दोन अर्थ: आतून गार वारा येतोय म्हणजे पंखा असणार, किंवा फार उकडतं तेव्हा पंखा हवा. पहिला अंदाज, आत डोकावून तपासता येणारा. दुसरं मत, किंवा मागणीच. इंग्रजीत पहिल्याला ‘मस्ट बी’ आणि दुसऱ्याला ‘शुड बी’ लागतं, पण मुलं दोन्हीकडे ‘शुड’ ठोकतात. म्हणून आधी मराठीतच ‘आहे, असेल, असावा, असतो म्हणे, हवा’ यांतला फरक तोंडी बोलून घ्या आणि मगच इंग्रजीकडे वळा. व्याकरणाचा तास वाया गेला असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या.

आता ‘अकॉर्डिंग टू मी’. इंग्रजीत ‘अकॉर्डिंग टू’च्या पुढे बाहेरचा आधार येतो, दुसरा माणूस, अहवाल, वर्तमानपत्र. स्वतःच्या मताला ‘इन माय ओपिनियन’ किंवा साधं ‘आय थिंक’. आपल्याकडे ते येतं ‘माझ्या मते’च्या भाषांतरातून, कारण ‘माझ्या मते’ आणि ‘डॉक्टरांच्या मते’ दोन्ही चालतं. पण आपणही ‘जनगणनेच्या मते’ म्हणत नाही. ‘2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 11 कोटी 24 लाख होती’ असं म्हणतो. मत माणसाला असतं, कागदाला नसतं, म्हणून कागदापुढे ‘नुसार’. मुलांना हे कुणी न शिकवता येतं. ‘नुसार’ आलं की ‘अकॉर्डिंग टू’ आणि ‘माझ्या मते’ आलं की ‘इन माय ओपिनियन’, एवढी जोडी लावून द्या. ‘डॉक्टरांच्या मते’ला मात्र ‘अकॉर्डिंग टू’ चालेल. अडचण फक्त ज्या पोरांच्या तोंडी आता ‘माझ्यानुसार’ बसलंय त्यांची. त्यांचं आधी मराठी दुरुस्त करावं लागेल.