बदकांचे खुराडे: पैसे जाळीत घाला, पुडीत नको

प्रश्न (सत्तरी, गोवा): मुलांच्या हौसेखातर सहा बदके पाळली. खुराड्याला जाळी होती, कडीही लावलेली, तरी आठवड्यात तीन गेली. एकाचे धड आतच पडलेले, डोके तेवढे नाही. दुकानदार म्हणतो मुंगूस आहे, भोवताली फोरेट पसरा. पसरू का?

उत्तर: नाही. फोरेट हे दाणेदार, जहाल कीटकनाशक, त्यावर देशभर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. तरीही सापासाठी, मुंगसासाठी म्हणून एखाद्या दुकानाच्या मागच्या फळीवरून पुडी निघतेच. जरा विचार करा: बदक चिखल चोचीने गाळून खाते. तुम्ही दाणेदार विष मातीत टाकणार आणि त्याच मातीत बदके सोडणार. मुंगसाच्या आधी बदकच जाईल. शिवाय परसात विहीर आहे, पोरे अनवाणी फिरतात. फोरेट नको.

खटका म्हणजे सापळाही लावू नका. घोरपड आणि अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. खटक्यात काय सापडेल ते तुमच्या हातात नाही.

आता ते डोके. असे धड मी कित्येक परसांत पाहिले आहे. प्रत्येक ठिकाणी जाळी तीच, षटकोनी भोकांची कोंबडीजाळी. कोंबडी रात्री दांडीवर चढून बसते. बदक जमिनीवरच बसते, तेही जाळीला अंग टेकून, मान पाठीवर वळवून. उदमांजर बाहेरून पंजा घालते, मान भोकातून ओढते आणि हाताला लागेल तेवढे नेते. मागच्या पावसाळ्यात एका कुळागरात (सुपारीच्या बागेत) त्या जाळीच्या तारेला पांढरी पिसे अडकलेली होती, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. मालकाने जाळी नवीकोरी आणलेली, दुकानदाराने ‘बदकांसाठी हीच चालते’ म्हणून दिलेली.

अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. गॅल्व्हनाइज्ड घ्या, नाहीतर आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसांत गंजते. महाग पडते, मान्य. मग खुराडे लहान करा, पण जाळी तीच. सहा बदकांना रात्रीपुरती चार बाय सहा फूट जागा पुरे, म्हणजे एकाला चार चौरस फूट. दिवसा फिरायला एकामागे दहा ते पंधरा चौरस फूट.

माझा आग्रह मात्र चिऱ्यांचा, जांभ्या दगडाच्या. खुराड्याला चारही बाजूंनी दोन थर चिरे लावा आणि जाळी त्यांच्यावर बसवा. झोपलेल्या बदकाला भिंत मिळते, पंजा पोहोचत नाही, पागोळ्यांचे पाणी आत येत नाही. लाकडी पाय, ओंडके, बांबू यांना आपल्याकडे वाळवी सोडत नाही. चिऱ्यांच्या बाहेर दीड-दोन फूट जाळी जमिनीवर आडवी पसरा आणि वर माती ओढा. उकरणारे जनावर भिंतीच्या मुळाशीच उकरते, तिथे जाळी लागली की कंटाळून जाते. कुत्र्यांनाही हेच. फिरण्याच्या आवारावर घारीसाठी नायलॉनची जाळी चालेल, पण रात्री तिच्या भरवशावर बदके बाहेर ठेवू नका.

छपराला मंगळुरी कौले किंवा पत्रा. पत्रा असेल तर उन्हाळ्यात वर माडाची चुडते (झावळ्या) टाका. हवेची फट छपराखाली ठेवा, तीही जाळीने बंद करून. पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो, ती बाजू भरीव ठेवा. दार दीड फूट रुंद हवे, कारण बदके एकामागून एक जात नाहीत, सगळी एकदमच घुसतात. कडी दोन ठिकाणी, खाली आणि वर. नुसती खिटी उदमांजर ढकलते.

संध्याकाळी दिवेलागणीला कोंडा, सकाळी नऊपर्यंत सोडू नका. अंडी पहाटे पडतात. लवकर सोडलीत तर ती झुडपात शोधत बसावे लागेल.

पाण्याचे भांडे खुराड्यात नको. चोच आणि डोळे बुडतील इतके, सहा-आठ इंच खोल भांडे बाहेर, खडी घातलेल्या खड्ड्यावर ठेवा आणि खड्डा केळीच्या किंवा अळवाच्या वरच्या अंगाला काढा. रोजचे घाण पाणी तिकडेच जाईल. आत तूस कोरडे हवे. ओल्या तुसावर चुना फेकून लगेच बदके कोंडू नका, पायांची कातडी सोलते. दुकानदार ‘मूठभर जास्त टाका, जंतू मरतील’ सांगतो. पाय तुमच्या बदकाचे जातात.

प्रश्न (डिचोली): दीड महिन्याची पिले लंगडतात. दुकानातून कॅल्शियमची बाटली दिली आहे, सोबत अँटिबायोटिकची पुडी. गुण येत नाही म्हणून मात्रा दुप्पट केली.

उत्तर: दोन्ही आजच बंद करा. कोंबडीच्या पिलांच्या खाद्यावर वाढवलेल्या बदकांना नियासिन हे जीवनसत्त्व कमी पडते आणि पाय लुळे पडतात. कॅल्शियम वाढवल्याने पाय सुधारत नाहीत, कोवळ्या पिलाच्या मूत्रपिंडावर ताण येतो. लेअरचे, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीचे खाद्य अंड्यावर येण्याआधी देऊ नका, तेही याच कारणाने. खाद्यात यीस्ट किंवा बी कॉम्प्लेक्स लागेल, पण किती ते पशुवैद्याला पिलू दाखवून ठरवा. बाटलीवरची मात्रा कोंबडीची असते. पुडीतले अँटिबायोटिक ‘आठवड्याला एकदा, सवयीने’ देण्यासारखे औषध नाही, अंड्यातून ते तुमच्याच पोटात जाते.

बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड स्वस्तात मिळाली तरी नको. त्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, कोंबडीपेक्षा बदकाला फार लवकर मारते. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवलेली) सुकी मासळीही घालू नका, मीठ बाधते.

प्रश्न (पेडणे): जूनमध्ये पिले स्वस्त मिळतात. आणू का? अनुदान आहे का?

उत्तर: स्वस्त का मिळतात ते विचारा. पिसे पुरी येईपर्यंत पिलू भिजले की गारठते, टबात पोहायला सोडले तरी. एप्रिल-मेमध्ये खुराडे उभे करा, पिले गणेशचवथीनंतर आणा. बदक-प्लेगची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात, पशुवैद्याकडून. कोंबडीची लस बदकाला देऊन काम भागत नाही.

अनुदान: राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के आहे, पण हजार मातृपक्ष्यांच्या, म्हणजे पिले काढण्यासाठी पाळलेल्या माद्यांच्या केंद्राला. तुमच्या सहा बदकांसाठी अर्ज करू नका.

थंडीत करमळीच्या तळ्यासारख्या ठिकाणी बाहेरची बदके उतरतात, तिथे किंवा तिथल्या पाण्यात आपली सोडू नका. आणि नरकासुराच्या (नरकचतुर्दशीच्या आदल्या) रात्री खुराड्यावर जुने गोणपाट टाका. फटाक्याला बिथरून ती जाळीवर आपटतात, मागच्या वर्षी एकीचा पंख मीच बांधला.