चित्रं आहेत म्हणून धाकटीला दिलं

"मॅडम, सतरा वर्षांचा मुलगा अजून कॉमिक्स वाचतो, हे बरं आहे का?" मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. सांगलीतल्या या आईनेही विचारला, पण उठता उठता. त्या आल्या होत्या धाकटीसाठी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगी चौथीत. दहा दिवस नीट झोपली नव्हती. वडील रात्रपाळीला निघाले की दारात आडवी उभी राहायची. "बाबा नसताना घर पडलं तर आम्हाला कोण काढणार?" असं विचारत राहायची. शाळेत काही घडलं नव्हतं, घरात भांडण नव्हतं.

मी तिला कागद आणि खडू दिले. तिने कोसळलेलं घर काढलं, त्याखाली तीन माणसं आणि भोवती लाल-पिवळा जाळ. "हे कुठे पाहिलंस गं?" "दादाच्या पुस्तकात."

पुस्तक होतं 'बेअरफूट गेन', केजी नाकाझावा यांचं जपानी कॉमिक. नाकाझावा सहा वर्षांचे असताना, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्यात गेले. हेच त्यांनी पुढे चित्रांतून मांडलं. घराखाली अडकलेली माणसं आणि लोंबणारी कातडी, सगळं त्यात आहे.

ते मुलीकडे कसं आलं, हे आईनेच सांगितलं. "ह्याची बारावी. त्याची सगळी कॉमिक्स मी काढून घेतली. महागाची, टाकवेनात. चित्रांचीच पुस्तकं, म्हणून हिला दिली. आम्ही नाही का वेताळ वाचला, अमर चित्रकथा वाचल्या? आठवीपर्यंत आपोआप सुटलं."

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण चित्रं म्हणजे मुलांचं, या एकाच समजुतीपायी थोरल्याची पुस्तकं गेली आणि धाकटीची झोप. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी तीच कॉमिक्स पाहिली, त्यामुळे ही समजूत पक्की झाली. अमेरिकेत तर ती आमच्याच क्षेत्रातल्या माणसामुळे आणखी घट्ट झाली. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञांनी १९५४ मध्ये कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियमावली घालून घेतली आणि तिथली बरीचशी कॉमिक्स मुलांपुरती उरली. वर्थम यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदींत फेरफार केले होते, हे पुढे त्यांचीच कागदपत्रं तपासल्यावर उघड झालं. समुपदेशक म्हणून हे मला फार लागतं. जपानमध्ये मात्र मुलांची, मुलींची, मोठ्या पुरुषांची आणि बायकांची चित्रमासिकं वेगवेगळी निघतात. ज्यूंच्या संहारावरच्या 'माऊस'ला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला, तेही कॉमिकच.

गंमत म्हणजे 'गेन' १९७३ मध्ये सुरू झालं ते मुलांच्याच साप्ताहिकात, आणि जपानच्या अनेक शाळांच्या ग्रंथालयांत ते असतं. तरी २०१२ मध्ये मात्सुए शहरात ते शाळांमध्ये कपाटात बंद केलं गेलं. त्यावर मोठा वाद झाला आणि २०१३ मध्ये बंदी उठली. म्हणून 'हे कितव्या वर्षी द्यावं' याला मी एक आकडा सांगत नाही. तिथल्या मुलांना हिरोशिमा म्हणजे काय, हे मोठ्यांकडून कळलेलं असतं. आमची ही मुलगी रात्री पांघरुणात, एकटीच वाचत होती.

आईला मी एकच काम दिलं: पुस्तक स्वतः वाचा. पुढच्या वेळी त्या आल्या आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मी मध्येच मिटलं. आणि हे मी तिला दिलं."

थोरल्याशी मी वेगळी बोलले. तो चिडलेला होता. "मी सांगत होतो, हे तिचं नाही. पण माझं ऐकतं कोण? माझी पुस्तकं म्हणजे पोरखेळ." घरात त्या पुस्तकातलं सगळ्यात जास्त त्यालाच कळत होतं आणि त्यालाच कुणी विचारलं नव्हतं. मी त्याची मदत मागितली.

'ही नुसती गोष्ट आहे' असं मुलीला सांगायचं नाही, हे आम्ही ठरवलं. ते खोटं ठरलं असतं आणि तिला कळलं असतं. दादाने तिला नकाशावर हिरोशिमा दाखवलं. ते कधी घडलं आणि आपलं घर तसं का पडणार नाही, हे सांगितलं. मग म्हणाला, "ज्याने हे काढलं ना, तो मुलगा वाचला. त्याची आईपण वाचली."

"मग तो मोठा झाला?"

"म्हातारा झाला. त्र्याहत्तर वर्षांचा."

हा आकडा तिने पुन्हा दोनदा वदवून घेतला. दिवसा बोलणं, झोपताना आईजवळ, आणि वडील कामावर पोचले की त्यांचा फोन, असे तीन आठवडे गेले. दारात आडवं उभं राहणं आधी थांबलं, झोप नंतर आली.

दादाची पुस्तकं पुन्हा त्याच्या कपाटात गेली. खालचा कप्पा त्याने बहिणीसाठी लावून दिला आहे. वरच्या कप्प्यातलं एक पुस्तक सध्या आईच्या उशाशी असतं.