बीपी तपासलं, पुढं काय?

प्रश्न : आम्ही एनएसएसची मुलं-मुली रविवारी कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, बीपी तपासायला जातो. गर्दी चांगली होते. पण ज्यांचं जास्त येतं त्या बायका दवाखान्यात जातच नाहीत, "मला काय होत नाही, डोकं पण दुखत नाही की" म्हणतात आणि परत विड्या वळायला बसतात. मग आमचा उपयोग काय?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : अगं, उपयोग आहे, पण तुमचं खरं काम तपासून झाल्यावर सुरू होतं. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि तोवर आत हृदय, किडनी, मेंदूच्या नसांवर ताण पडत राहतो. म्हणून "डोकं दुखतंय का?" हे विचारूच नका, त्यानं उलट डोकं दुखलं तरच बीपी असा समज पक्का होतो.

आता त्या का जात नाहीत ते बघ. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, दवाखान्यात अर्धा दिवस गेला की तेवढ्या विड्या कमी, म्हणजे तेवढे पैसे गेले, आणि तुम्ही जाता रविवारी, त्या दिवशी ओपीडी बंद. मग ती बाई एकटी कधी जाणार? तिथल्या आशाताईंना आधी भेटा, सरकारी आरोग्य केंद्रात कुठल्या दिवशी, किती वाजता गेलं की लवकर नंबर लागतो ते विचारून घ्या, आणि चार-पाच जणींना मिळून पाठवा, तुमच्यातलं कुणीतरी सोबत जा. तिथं तपासणी आणि गोळ्या फुकट असतात हे पण बऱ्याच जणींना माहीत नसतं. घरकुलात तेलुगू बोलणारी घरं खूप, तुमच्या ग्रुपमध्ये पद्मशाली मुलगी असेल तर तिलाच बोलू दे, "अक्का" म्हणून तिनं दोन शब्द सांगितले तर ते जास्त ऐकलं जाईल.

आणि मोजताना घाई नको प्लीज. गर्दीत उभ्या उभ्या, गप्पा मारत घेतलेलं रीडिंग चुकतं. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालाय का विचारा, मिश्री पण त्यातच आली. दोनदा मोजा, मध्ये एक-दोन मिनिटं सोडून. 140/90 किंवा वर आलं तरी "तुम्हाला बीपी आहे" असं सांगू नका, ते डॉक्टर वेगवेगळ्या दिवशी बघून ठरवतात. आकडा तारखेसकट कागदावर लिहून तिच्या हातात द्या.

गोळीचं नाव मात्र तुम्ही कधीच सुचवायचं नाही. पण जिला गोळी चालू आहे तिला दर वेळी विचारा, घेता का? बरं वाटलं की बंद करतात, इथंच सगळं बिघडतं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा, त्यात लोणचं, पापड, चटणी सगळं धरून. शेंगाचटणी बंद करा म्हटलं तर सोलापुरात कोण ऐकणार? त्यात मीठ कमी घाला म्हणा.

180/120 च्या वर असेल आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच 108 ला फोन. काहीच त्रास नसेल तरी एवढा आकडा असलेल्या बाईला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, रविवार असला तरी.

कॉलेजला कळवताना किती जणी तपासल्या याच्या शेजारी किती जणी दवाखान्यात पोचल्या हा पण एक कॉलम करा.