पुस्तक मीट

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेची दोन वर्षं उरली आहेत, मैत्रिणीकडे अकरा प्रमाणपत्रं आहेत, तुझ्याकडे तीन. मग वादविवाद स्पर्धांना जावं, कोडिंग शिकावं की सुट्टीत कुठे स्वयंसेवक व्हावं, असं विचारलं आहेस. आणि शेवटी घाईत लिहिलेली एक ओळ आहे: ‘वाचताना सगळं कळतं, पण पेपरात आठवत नाही.’ मी उत्तर देतोय ते या ओळीला. बाकीच्या प्रश्नांनी तू स्वतःचंच लक्ष या ओळीवरून हटवते आहेस, असं मला वाटतं.

वाचताना मलाही सगळं कळायचं. शाळेत मी पहिला यायचो. भौतिकशास्त्राचा धडा पाच-पाच वेळा वाचायचो, लाल पेनने रेघा मारायचो. कुठलं सूत्र पानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे तेसुद्धा डोळ्यांपुढे यायचं, आणि त्यालाच मी अभ्यास झाला असं म्हणायचो. कॉलेजात एका आठवड्यात शाळेतल्या महिन्याभराचा भाग उरकायचा. पाच वेळा वाचायला वेळच नव्हता आणि पेपरात पुस्तकातलं एकही उदाहरण नव्हतं. पहिल्याच सत्रात भौतिकशास्त्रात नापास झालो. निकालाच्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक मिटलं, कोरा कागद घेतला आणि उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं साधं गणित करायला बसलो. ठोकळ्यावर कोणकोणती बलं आहेत, त्यांचे बाणसुद्धा मला धड काढता येईनात. वाईट वाटलं ते नापास झाल्याचं नव्हे. हा कागद मी दोन वर्षांपूर्वीच समोर घेऊ शकलो असतो, याचं वाटलं.

म्हणून, धडा वाचून झाला की पुस्तक मीट. आठवेल ते कोऱ्या कागदावर लिही, आकृत्या काढ, अडशील तिथे जागा सोड. मग पुस्तक उघडून त्या जागा दुसऱ्या रंगाने भर. दोन दिवसांनी तोच धडा, नवा कागद. मग आठवड्याने पुन्हा. आत्ता, शाळेत असतानाच. कॉलेजात तुझी वही कोणी तपासणार नाही. आपल्याला काय येत नाही हे तिथे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

हा माझा एकट्याचा हट्ट नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने वाचणारे ४२ वर आले, लिहिणारे ५६ वर राहिले. दुसऱ्या प्रयोगात चार वेळा नुसतं वाचणाऱ्यांना स्वतःबद्दल सगळ्यांत जास्त खात्री होती, आणि आठवड्याने सगळ्यांत कमी आठवलं ते त्यांनाच. तुझी ती ओळ आता पुन्हा वाच.

प्रमाणपत्रांचं म्हणशील तर मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाला कॉलेजचं तोंडही बघायला मिळालं नाही. पुस्तकबांधणीची उमेदवारी करणाऱ्या या मुलाने १८१२ साली नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची चार व्याख्यानं ऐकली, टिपणं घेतली, नंतर ती सविस्तर लिहून काढली, आकृत्यांसकट बांधली आणि डेव्हीला पाठवली. पुढच्या वर्षी डेव्हीच्याच संस्थेत, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्याला मदतनिसाचं काम मिळालं. दाखवायला त्याच्याकडे एवढी एक वही होती. वादविवाद आवडत असेल तर जरूर जा. बारावं प्रमाणपत्र हवं म्हणून जाऊ नकोस.

तू वेळापत्रक आणि माझ्या जुन्या नोट्स मागितल्या आहेस. त्या देणार नाही. रागावलीस तरी चालेल. धाकट्या भावाला मी माझ्या सगळ्या वह्या दिल्या होत्या, नीट, प्रश्नोत्तरांसकट. त्याला त्रास पडू नये म्हणून. शाळेत त्याला उत्तम गुण पडले, आणि कॉलेज त्याने वर्षभरात सोडलं. तो मला कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढे २८ वर्षं मी पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवलं. तासाची शेवटची दहा मिनिटं पुस्तकं मिटायची आणि आज काय झालं ते लिहायचं, असा माझा नियम होता. मुलांनी तक्रारी केल्या, वरून ‘हे थांबवा’ असा निरोप आला. मी थांबवलं नाही. मुलांना घाम फुटायचा, हे मला दिसत होतं. पण तो वार्षिक परीक्षेत फुटण्यापेक्षा माझ्या वर्गात, मी शेजारी उभा असताना फुटलेला बरा. मी निर्दय होतो असं अजून काहीजण म्हणतात. माझ्या भावाच्या बाबतीत मी फार प्रेमळ होतो.

रात्री जागून हे करू नकोस. तुझ्या वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि दमलेल्या डोक्याला काही आठवत नाही. सगळे विषय एकदम घेऊ नकोस. जो सगळ्यांत सोपा वाटतो, ज्यात ‘मला येतं’ अशी खात्री आहे, त्यातला एक धडा घे. येत्या रविवारपर्यंत त्याचा कागद मला पाठव. जागा मोकळ्या राहतील, त्या तशाच ठेव. पाठवण्याआधी भरू नकोस, आणि पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून तर मुळीच काढू नकोस. मला पहिलाच कागद हवा आहे.

तुझा,
काका