‘माझी स्वतःची स्टाइलच नाही’

चित्रकला, इलस्ट्रेशन किंवा ॲनिमेशन शिकणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘मॅडम, माझी स्वतःची स्टाइलच नाही.’ त्याच्या पोटात आणखी दोन वाक्यं असतात. मी नुसत्या नकला करते, आणि म्हणून मी या क्षेत्रात यायलाच नको होतं. या काळजीबद्दल लिहायचं तर एका मुलीचा अनुभव सांगावासा वाटतो. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सांगलीकडच्या एका गावातून पुण्यात इलस्ट्रेशन शिकायला आलेली. शेवटचं वर्ष. प्रकल्प म्हणून ३२ पानांचं चित्रपुस्तक करत होती. एक आजी बोचकं घेऊन पहिल्यांदाच एसटीने पुण्याला येते, एवढीच गोष्ट. मला ती ऐकताक्षणी आवडली. पण पहिल्या ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, शेरा मिळाला, ‘चित्रांत सातत्य नाही.’ आजी तिसऱ्या पानावर गोलमटोल, सातव्यावर काटकुळी, अकराव्यावर तर थेट जपानी ॲनिमेतून उतरल्यासारखी. त्यानंतर महिनाभर तिच्या हातून एकही पान पुरं झालं नव्हतं. रात्र रात्र जागायची, वर्ग बुडवायची, आईचा फोन उचलायची नाही.

अशा वेळी मी आधी चित्रांवर बोलत नाही. झोप, भूक, जगणं नकोसं वाटतंय का, हे सरळ विचारते. तिला ताण होता, पण जेवण नीट होतं, मैत्रिणींशी बोलणं चालू होतं आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार नव्हते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, तर त्याला ‘कलाकाराची तगमग’ म्हणून गोंजारू नये, मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मग मी तिला म्हटलं, ‘पान काढायला बसतेस तेव्हा सुरुवातीपासून काय काय होतं, ते सांग.’ आधी पिंटरेस्ट, मग इन्स्टाग्राम, त्यात तास-दीड तास. जे चित्र मनात भरेल त्याच्यासारखी रेघ धरून पान सुरू करायचं. आयपॅडवर रेघ ओढायची, पटली नाही की अनडू. पहाटे झोपायचं आणि दुपारी उठून पाहिलं की ते पान परकं वाटायचं. दुसऱ्या रात्री दुसरा चित्रकार. आजी दर पानावर का बदलत होती, याचं उत्तर तिच्या या सांगण्यातच होतं.

तिच्या कॉलेजला रिफ्लेक्टिव्ह जर्नल द्यावं लागतं, म्हणजे आपलं काम कसं घडत गेलं ते स्वतः लिहायचं. तिने वही पुढे केली. ‘काम ओरिजिनल नाही.’ ‘कंपोझिशन बोअरिंग.’ ‘खूप मेहनत हवी.’ पानंच्या पानं अशी.

‘हे सगळे शेरे आहेत,’ मी म्हटलं. ‘यात आजी कुठे आहे?’

ती चिडली. ‘मॅडम, सरही असंच लिहितात.’

‘सरांना मार्क द्यायचे असतात. तुला उद्या पुढचं पान काढायचंय.’

माझं म्हणणं एवढंच होतं. शेऱ्यातून पुढचं पान निघत नाही, नोंदीतून निघतं. म्हणून काही आठवडे शेरे पूर्ण बंद केले. रोज काम संपल्यावर तीनच गोष्टी लिहायच्या : आज काय पाहिलं, कागदावर काय बदललं, उद्या काय करून बघायचंय. चांगलं, वाईट, ओरिजिनल, बोअरिंग हे शब्द वर्ज्य.

सुरुवातीच्या नोंदी अगदी कोरड्या होत्या. ‘बसची खिडकी काढली. परत काढली.’ मग एकदा तिने ही वाचून दाखवली : ‘बोचक्याची गाठ जमत नव्हती. आईला व्हिडिओ कॉल केला आणि जुन्या लुगड्याचं बोचकं बांधायला लावलं. गाठ मधोमध येत नाही, एका अंगाला कलते. बोचकं काखेत धरलं की आजीचा डावा खांदा वर जातो. आता सगळ्या पानांवर तो खांदा वर.’ वाचताना तिच्या आवाजातच फरक होता. त्या एका नोंदीत आजी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ओळखू येईल याची सोय झाली होती. आणि कित्येक दिवसांनी ती आईशी बोललीही होती.

कामाचा क्रमही आम्ही बदलला. सगळी ३२ पानं आधी एकाच मोठ्या कागदावर, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटींत, पेन्सिलने. मग आजी समोरून, बाजूने, पाठमोरी, बसलेली, वाकलेली, अशी एका कागदावर पक्की करून तो भिंतीवर लावायचा. रेफरन्स गोळा करायला वेगळा दिवस. चित्र काढताना फोन दुसऱ्या खोलीत. यात नवं काही नाही, कुठलाही शिक्षक हेच सांगेल. पण मन घाबरलेलं असतं तेव्हा माहीत असलेलंही हातून होत नाही, म्हणून समुपदेशनात या साध्या गोष्टी तारीख-वार घालून ठरवाव्या लागतात.

नकलांची शरम मात्र सहज गेली नाही. तिला वाटायचं, दुसऱ्याचं बघून काढलं की ती चोरीच. पण व्हॅन गॉगने १८८० मध्ये चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा शार्ल बार्गच्या चित्रपाठांवरून तो पानंच्या पानं गिरवत बसला. १८८७ मध्ये त्याने हिरोशिगेच्या जपानी छापचित्रांवरून तैलचित्रं केली आणि पुढे सेंट-रेमीच्या रुग्णालयात असताना मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून. म्हणजे हात तयार झाल्यावरही तो दुसऱ्यांकडून शिकतच होता. आम्ही एक साधा नियम केला : अभ्यासासाठी नक्कल खुशाल करायची, कोपऱ्यात मूळ चित्रकाराचं नाव लिहायचं, आणि ती प्रकल्पात घालायची नाही. चोरी कुठे सुरू होते ते तिला आता स्वतःच्या वहीतच दिसत होतं.

विशीतल्या मुलांना ‘आपली शैली शोधा’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या १९४९ ते १९५१ या वर्षांच्या सचित्र डायऱ्या पुस्तकरूपात आल्या आहेत. तेव्हा ते तेविशी-पंचविशीचे होते. त्या डायऱ्यांत गावचे सण आहेत, ओळखीची माणसं आहेत, गोव्यातलं रोजचं जगणं आहे. एक तरुण मुलगा दिवसभरात जे दिसलं ते रोज कागदावर उतरवतोय. ज्याला आपण आज ‘मारिओची शैली’ म्हणतो, तिच्यामागे ही सवय आहे.

एक प्रयोग भीतीसाठी केला. गाईड सरांना काम दाखवण्याआधी ते काय म्हणतील हे तिने लिहून ठेवलं : ‘म्हणतील, विषयच बदल.’ प्रत्यक्षात सरांनी तो तिकिटाएवढ्या चौकटींचा कागद बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘एवढ्या प्रवासात कंडक्टर कुठेच कसा नाही?’ हे तिच्या यादीत नव्हतं. परतल्यावर दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहायची. असं काही वेळा झालं की भीतीचे अंदाज किती चुकतात ते दिसू लागतं. मध्ये एका वर्गमित्राच्या चित्राला भरपूर लाइक्स मिळाले आणि हिचा अख्खा आठवडा वाया गेला. तोही नोंदीत आला, पुढच्या आठवड्यात काम सुरू झालं.

वडिलांचा फोन आला होता. ‘मॅडम, यात पोट भरेल का?’ खात्री देता येत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सुरुवातीची वर्षं मिळकत अनियमित असते आणि पुष्कळ जण नोकरी सांभाळून चित्रं काढतात. व्यंगचित्रकार वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते, हे सांगितल्यावर वडील जरा सैलावले.

अंतिम ज्युरीत एसटीतल्या पानांचं कौतुक झालं. शेवटची पानं फिकी पडली, असंही परीक्षक म्हणाले. तिने वहीत लिहिलं, ‘स्वारगेटच्या पानांत संध्याकाळचा रंग कळत नाही. तिथे सहा वाजता जाऊन बसायचं.’

आता ती महिन्यातून एकदा येते. परवाचा विषय वेगळाच होता. कुणीतरी तिला ‘नाव होईल’ म्हणून फुकट चित्रं मागितली होती. आम्ही दोघींनी बसून उत्तराचा मेल लिहिला : किती चित्रं, किती दिवस, दुरुस्त्या किती वेळा, पैसे किती आणि त्यातले आगाऊ किती. रकमेच्या आकड्यापाशी ती अडली, मग तिने मनात होता त्याहून थोडा मोठा आकडा घातला आणि मेल पाठवून दिला.