ताई, पोरीला आर्ट्सला जाऊ देऊ का?

पत्र: ताई, माझी मुलगी बारावी सायन्स, 84 टक्के. सीईटी पण दिलीय तिनं. आता म्हणते इंजिनिअरिंगला जाणार नाही, पुण्यात इतिहास घेऊन बीए करायचंय. हे म्हणतात सरकारनं मुलींना फी माफ केली तरी ही सोडून चाललीय, आणि आर्ट्सला कोण जातं, ज्याला कुठंच ॲडमिशन मिळत नाही तो. आमचं खताचं दुकान आहे, जेमतेम भागतं. पंधरा दिवस झाले बापलेकीचं बोलणं बंद आहे. मी बारावीनंतर शिकले नाही त्यामुळं मलाच कळत नाही की बीएचा नक्की उपयोग काय. मी कुणाच्या बाजूनं बोलू?
– एक आई, तासगाव तालुका

ताईचं उत्तर:

वहिनी, आधी एक सांगते, तुमचे हे काही वाईट बोलत नाहीयेत. उधारीवर खत नेलेला माणूस पाऊस नाही पडला की दोन दोन वर्षं दुकानासमोरनं जात नाही, अशा धंद्यात आयुष्य काढलेल्या बापाला पोरगी पक्क्या नोकरीला लागावी असं वाटणारच की. आणि फी माफीचं पण खरंय, 2024 पासून 8 लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींना प्रोफेशनल कोर्सची फी माफ आहे, सरकारच्या एकत्रित प्रवेशाच्या कॅप राउंडमधनं गेलं तर. म्हणजे त्यांचा हिशोब बरोबर आहे. "बीए करून काय करणार" हा प्रश्न पण बरोबरच आहे, फक्त पोरगी रडून उत्तर देते आणि बाकीचे हसून देतात, नीट कुणीच देत नाही.

मी स्वतः बीए इतिहास. तुमच्याच भागातल्या एका कॉलेजात. पहिली दोन वर्षं शुद्ध वाया गेली असं म्हटलं तरी चालेल, वर्गात दहाबारा पोरं, मॅडम गाईडमधलं वाचून दाखवायच्या आणि आम्ही उतरवून घ्यायचो, परीक्षेला तेच लिहायचं. तिसऱ्या वर्षाला एक सर आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की आपापल्या गावात जा आणि 1972 च्या दुष्काळाबद्दल तीन म्हाताऱ्या माणसांना विचारून या, पण तिघं तीन वेगवेगळ्या घरातले पाहिजेत.

मी आधी माझ्या आजीला विचारलं. ती म्हणाली खडी फोडली, मिलो म्हणजे परदेशातनं आलेली लाल ज्वारी खाल्ली, कामावर मिळायची ती सुकडी खाल्ली, पण पोरं जगवली. मग गावातल्या एका मोठ्या बागाईतदाराकडं गेले, ते म्हणाले आमच्या गावात कुणी उपाशी राहिलं नाही, आम्ही विहीर सगळ्यांना खुली केली होती. मग गावाबाहेरच्या वस्तीतल्या एका मावशींकडं गेले, त्या म्हणाल्या विहीर खुली होती पण आम्हाला वरनं ओतायचे, घागर टेकवू द्यायचे नाहीत. मी सरांकडं गेले आणि म्हणाले, सर, ह्यातलं कुणीतरी खोटं बोलतंय. सर म्हणाले, कुणी खोटं बोललं असं लिहायच्या आधी तो माणूस विहिरीच्या कुठल्या बाजूला उभा होता ते लिही. मग लायब्ररीत त्या सालचे पेपर काढले, सरकारी कागद काढले, त्यात चौथंच काहीतरी होतं. आठ पानं लिहायला मला दीड महिना लागला, चारदा परत आली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी 1965 साली पहिल्यांदा करून बघितली ती तुमच्याच तालुक्यात, विसापूरला, मग दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 ला कायदा झाला आणि 2005 साली देशाचा कायदा झाला तो पण त्याच वाटेनं. ज्या गावावरनं मी एसटीनं शंभर वेळा गेले होते तिथं हे झालं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं!

वहिनी, बीएचा उपयोग म्हणजे हा. चार माणसं चार गोष्टी सांगत असताना कुणाचं किती धरायचं, कागदात काय लिहिलंय आणि काय मुद्दाम लिहिलेलं नाही, आणि मग स्वतःला जे पटलं ते दुसऱ्याला कळेल असं कसं मांडायचं. हे दीड महिन्यात शिकले ते मी रोज वापरते, तुमचं पत्र वाचताना पण वापरलं. हे शिकलेला माणूस वकिलीत जातो, बातमीदारीत जातो, संस्थांत जातो, मास्तर होतो, सरकारी खात्यात जातो, कंपनीत पण जातो. पहिला पगार इंजिनिअरपेक्षा कमी असतो बहुतेक वेळा, ते मी लपवणार नाही. पण कामं बदलत जातात आणि हे कौशल्य प्रत्येक कामात सोबत येतं.

आता दुसरी गोष्ट, "हे श्रीमंतांचे चोचले" असं घरात कुणीतरी म्हटलंच असेल. लिबरल आर्ट्स, म्हणजे इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान असे विषय मिळून शिकणं, हा शब्द आता वर्षाला लाखोंची फी घेणाऱ्या युनिव्हर्सिट्यांच्या जाहिरातीत दिसतो म्हणून तसं वाटतं. पण आपल्याकडचा इतिहास उलटा आहे हो. बाबासाहेब एल्फिन्स्टनमधनं बीए झाले, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन, पुढं कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान सगळं वाचलं, आणि 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते आर्ट्स आणि सायन्सचं. ज्यांच्या पोरांना नोकरीची सगळ्यात जास्त गरज होती त्यांच्यासाठी! नुसतं हातातलं काम शिकवून सोडलं असतं तरी चाललं असतं की, पण त्यांना पोरं कायदा वाचणारी, भांडणारी, लिहिणारी पाहिजे होती. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, 1947 ला साताऱ्यात कॉलेज काढलं, तिथं पोरं काम करून शिकली, कमवा आणि शिका. ती शेतकऱ्यांचीच पोरं होती, तुमच्या दुकानात येतात तशांची.

आणि तिचं सायन्स वाया जाईल ही पण भीती नको. दा. ध. कोसंबी गणिताचे माणूस, फर्ग्युसनला गणित शिकवायचे, त्यांनी जुनी नाणी तराजूत तोलली, नाणं हातोहात फिरून किती झिजतं त्याचा संख्याशास्त्रानं हिशोब मांडला आणि त्यावरनं इतिहास लिहिला. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या आणि पुढं हाडं मोजण्यापासून पंढरीच्या वारीपर्यंत सगळ्याचा अभ्यास केला. आता तर नवीन शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषयाबरोबर मायनर म्हणजे दुसरा जोडविषय घेता येतो, तिला म्हणावं इतिहासाबरोबर अर्थशास्त्र मिळतंय का बघ. पुढं येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व पण आहे, तिथं सायन्सची पोरं लागतातच.

पण मी आंधळेपणानं हो म्हणा असं सांगत नाहीये. वाईट कॉलेजातलं बीए म्हणजे तीन वर्षं नुसती वय वाढण्यात जातात, ते मी भोगलंय. म्हणून ॲडमिशनच्या आधी एकदा पुण्याला जा, तुम्ही आणि ती दोघी. नाव मोठं आहे का ते बघू नका, वर्ग चालू असताना जा आणि वर्गात पोरं बसतात का ते बघा. लायब्ररीत पुस्तक हातात घेऊ देतात का, का कपाटाला कुलूप. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा की गेल्या वर्षभरात तू स्वतःच्या शब्दात किती पानं लिहिलीस आणि ती कुणी तपासून परत दिली का. ती गोंधळली तर दुसरं कॉलेज बघा. अनुदानित कॉलेजची फी बरीच कमी असते, खर्च खरा होतो तो राहण्याखाण्याचा, तेव्हा हॉस्टेलचा आकडा आधी काढा आणि तो ह्यांच्यासमोर ठेवा, आकडा बघितला की माणूस जरा शांत बोलतो.

आणि प्लीज, त्यांना पटवायला "ती बीए करून कलेक्टर होणार" असं सांगू नका. सगळी घरं हेच करतात, आणि मग पोरगी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाच सहा वर्षं घालवते, निकाल नाही आला की बीए पण फुकट गेलं असं सगळे म्हणतात. तिला स्वतःला द्यायची असली परीक्षा तर देईल.

तुम्ही विचारलंत कुणाच्या बाजूनं बोलू. सध्या कुणाच्याच नको. तुमच्या सासूबाई आहेत का घरात? असतील तर आज रात्री जेवणं झाल्यावर पोरीला म्हणावं आजीला 72 सालचं विचार, वही घेऊन बस, आणि ह्यांना पण तिथंच बसू दे. आईनं काय काय केलं ते त्यांनी पण सगळं ऐकलेलं नसणार. काय झालं ते मला कळवा, आणि पोरीनं काही लिहिलं तर ते पण पाठवा, मी वाचीन.